आंबागडच्या पडद्यावरचा राक्षस

मंडळी, आज मार खाल्ला, म्हणून हा कागद आपल्या पडदे रंगवणाऱ्यांच्या मंडळाच्या फळ्यावर लावतोय.

आंबागडात उद्याच्या नाटकाचा पडदा रंगवत होतो. मधेच किल्ल्यावर भटकून आलो, उशीर झाला. राक्षसाचं तोंड सुचेना, तर समोर लाकडं फोडणाऱ्या सोमाजीचंच काढलं.

तो कुऱ्हाड घेऊनच आला. "माह्या तोंडाचा राक्षस कायले काढला बे?"

"काका, मिशी लय भारी आहे तुमची."

त्याच्या थापडीनं माझा ओठ फाटला. त्यानं पडद्यावर कुऱ्हाड उगारली, तसा मी मधे आडवा आलो. पातं कानाजवळून कापडात घुसलं, राक्षसाची मान चिरली.

मग सोमाजी खालीच बसला. "उद्या माह्या पोरी नाटक पाहाले येतीन रे."

चीर शिवली. तोंड पुसायला ब्रश उचलतो आणि परत ठेवतो; इतकं जिवंत चित्र माझ्या हातून कधी उतरलं नव्हतं. तुम्ही पुसलं असतं का?