करवंदाचा चीक

जेवणं आवरून सोप्यात बसलेल्या रंजनाच्या पापण्या जड होतात. पुढ्यात सूपभर हिरवी करवंदं आणि जिवाला घोर. लेक प्रणाली तिसऱ्या महिन्यात माहेरी आली आहे, पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. मागते काय, तर आजीच्या हातचं करवंदाचं लोणचं! आजी दिवाळीत गेली, आणि रंजनाच्या दोन बरण्या कडूजहर झाल्या. भिंतीला डोकं टेकतंय न टेकतंय तोच कुणीतरी सूप ओढतं.

समोर हौसाबाई, रंजनाच्या सासूबाई. मरून सहा महिने झाले, पण पदर कसा कंबरेला खोचलेला!

"नुसती धुऊन घातलीस व्हय?"

"मग काय पूजा करायची होती?" बावीस वर्षांची सवय, रंजनाची जीभ काही थांबत नाही.

सोपा आता घाटातली एसटी आहे. खिडक्यांतून करवंदीच्या जाळ्या आत आल्यात आणि कंडक्टर बरण्यांची तिकिटं फाडतोय.

"आत्याबाई, सांगून का नाही गेलात?"

"इचारलंस कवा?"

खरंच, कधीच नाही. सासूपुढे कमीपणा कोण घेणार!

"आन् मी तरी आपनहून का सांगू? तुला आलं आसतं, तर मला कोन इचारत हुतं?" हौसाबाई खुदकन हसतात. रंजनालाही हसू फुटतं आणि डोळे भरून येतात. या बाईची रोज आठवण येते, हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"आता विचारते. सांगा."

एसटी रानात उभी आहे. हौसाबाई तिचे हात ओढून त्यांना गोडेतेल चोळतात. "आदी ह्ये, मंजी चीक चिकटत न्हाई. दोन फाका कर, बी काड, मिठाच्या पान्यात रातभर बुडव. चीक सुटला की पानी वतून दे. पोरीला पेजंसंगं येकच फोड दे, जिभंला चव यील."

"आणि गूळ?"

"तुज्या अंदाजानं. समदं मीच सांगू व्हय?"

"आई, कुणाशी बोलतेस?" आतून प्रणालीची हाक येते. रंजना दचकून डोळे उघडते.

"तुझ्या आजीला विचारत होते," ती बोलून जाते.

सूप जागेवरच आहे, एकही करवंद चिरलेलं नाही. पण रंजनाचे दोन्ही हात मनगटापर्यंत तेलानं चकाकतायत. ती ते पुसत नाही. विळी पुढे ओढून पहिलं करवंद चिरते. पांढरा चीक भसकन येतो आणि बोटांवरून घसरून जातो.