त्रिकोणी तिकिटांचे खिसे

उद्धवराव होनप आमच्या स्टोअर्सचे हेडक्लार्क आणि मी त्यांच्या हाताखालचा टंकलेखक. पिंपरीचा औषधांचा कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वसाहतीतल्या क्वार्टरांना अजून चुन्याचा वास यायचा, आणि संध्याकाळी करायचं काय हे न सुचून माणसं एकमेकांच्या दारात उभी राहायची. उद्धवरावांना हा प्रश्न कधी पडला नाही. त्यांना टपालाच्या तिकिटांचा नाद होता. नाद हा शब्द माझा, ते स्वतः 'अभ्यास' म्हणत.

या अभ्यासकाने आयुष्यात स्वतः दहा पत्रंसुद्धा लिहिली नसतील. तिकिटं यायची ती दुसऱ्यांच्या पाकिटांवरून. कारखान्यात काही परदेशी तज्ज्ञ होते. त्यांची डाक आली की उद्धवराव हातातलं इंडेंट, म्हणजे मालाचं मागणीपत्र, तसंच ठेवून उठत आणि साहेबाच्या टेबलाशी जाऊन पत्र वाचून होईपर्यंत उभे राहत. एका साहेबाने पुढे पुढे त्यांना लांबून पाहिलं की पत्र खिशात घालायला सुरुवात केली.

घरातही तीच तऱ्हा. त्यांच्या पत्नीच्या, दुर्गाबाईंच्या भावाचं पाकीट कऱ्हाडहून आलं, त्यावर नवीन तिकीट होतं. उद्धवरावांना धीर निघेना. त्यांनी कात्रीने पाकिटाचा कोपरा कापला, त्याबरोबर आतल्या पत्राचाही कोपरा गेला, आणि भाचीच्या लग्नाची तारीख नेमकी त्या कोपऱ्यात होती. नवराबायको अंदाजाने निघाले. पोचले तेव्हा मांडवाचे वासे सोडवणं चाललं होतं. "महत्त्वाची तारीख माणसाने दोनदा लिहावी," असं उद्धवरावांनी मेव्हण्याला तिथेच सुनावलं.

सत्तावन्न सालच्या दिवाळीत पुण्याच्या एका तिकीट मंडळाने फेब्रुवारीत प्रदर्शन भरवायचं ठरवलं. उद्धवरावांनी अदलाबदलीत अठरा तिकिटं मिळवली होती, सगळी तान्नू तुवा नावाच्या देशाची. काही त्रिकोणी, काही शंकरपाळ्याच्या आकाराची, त्यांवर उंट आणि घोडेस्वार.

"हा देश कुठे आहे?" मी विचारलं.

"रशियाच्या मागे," ते म्हणाले. "आता नाहीये."

अडचण निघाली ती तिकिटं वहीत लावण्याची. पूर्वी तिकिटाच्या पाठीला डिंक लावलेली कागदाची पट्टी चिकटवत. पण त्याने पाठीवर डाग पडतो आणि जाणकार नाक मुरडतात. म्हणून तिकीट पारदर्शक खिशात घालून लावायचं, त्याला माउंट म्हणत. असे माउंट मुंबईहून मागवता येत, पण सगळे चौकोनी, आणि मापं दोनच. त्यात तुवाचा त्रिकोण ठेवला की मोठ्या ताटात एकच शंकरपाळा वाढल्यासारखा दिसे, आणि वही हलली की आतल्या आत पालथा पडे.

"आपण घरीच करू," उद्धवराव म्हणाले. ते 'आपण' म्हणाले की काम दुर्गाबाईंना लागे. पॅकिंग खात्यातला खराब झालेला सेलोफेनचा पारदर्शक कागद त्यांनी मागून आणला. दुर्गाबाईंनी कणकेची खळ केली. चार दिवसांनी खळीला मुंग्या लागल्या. मग बाभळीचा डिंक आणला. तो पातळ झाला, कडेने आत झिरपला, आणि तुवाचे दोन घोडेस्वार सेलोफेनला कायमचे चिकटले. उद्धवरावांनी दोष डिंकाला दिला, मग हवेला, आणि जेवताना दुर्गाबाईंना. त्या म्हणाल्या, "मी खळ केली, तिकिटं तुम्ही चिकटवलीत." त्यावर उद्धवरावांनी भात परत मागितला नाही.

चिंचवडच्या बाजारात रहिमान नावाचा फ्रेमवाला होता. देवांच्या तसबिरी आणि लग्नांचे फोटो तो काचेत बसवून देई. उद्धवराव मला घेऊन त्याच्याकडे गेले. रहिमानने त्रिकोणी तिकीट लांबूनच पाहिलं.

"माझं काम खिळ्या-काचेचं. एवढं बारीक कुठं जमायचं? आमच्या घरात विचारा."

घर म्हणजे दुकानामागची खोली, आणि विचारायचं ते त्याच्या बायकोला, जमिलाला. तिच्या माहेरी मोहरमचे ताबूत करत. कागद आणि पन्नी कापण्यात तिचं लहानपण गेलं होतं. उद्धवरावांनी तिला अर्धा तास तिकिटांचं महत्त्व सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, ह्ये परत भाईर काढायचं हाय का?"

"अर्थातच. पण सगळ्या बाजूंनी बंद पाहिजे. धूळ जायला नको."

"मंग काढनार कुटनं? कबर न्हाई ना ही. येक बाजू उघडी ठिवा."

खरं तिकीट तिने हातातसुद्धा घेतलं नाही. उद्धवरावांकडून पोस्टकार्डावर त्याची आकृती काढून घेतली आणि त्याबरहुकूम जाड काळा कागद केसभर मोठा कापला. फोटोचे कागद ज्यात गुंडाळून येतात तो हा काळा कागद, रहिमानकडे पडून होता. त्यावर सेलोफेन घालून दोन बाजू पाठीमागे दुमडल्या आणि मागच्या मागे चिकटवल्या. तिसरी बाजू मोकळी. तिकीट तिथून आत सरकलं आणि काळ्या कागदावर असं उठून दिसलं की आम्ही दोघंही खाली वाकलो.

"डिंक मागं, तिकीट म्होरं," जमिला म्हणाली. "दोघांची गाठ पडू द्याची न्हाई. यवढंच."

महिनाभरात तिने चांगल्या उरलेल्या सोळाही तिकिटांचे खिसे पुरे केले. उद्धवराव रोज सायकलवरून जात, तिच्या डोक्यावर उभं राहून सूचना देत, आणि ती "व्हय" म्हणून आपल्याला हवं तसं करी.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. तुवाच्या तिकिटांना काही मिळालं नाही, कारण शेजारच्याच टेबलावर त्याच देशाची साठ होती. पण मांडणीचं प्रशस्तिपत्रक उद्धवरावांना मिळालं. मंडळाचे चिटणीस यशवंतराव, निवृत्त शिक्षक, यांनी ते दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. उद्धवराव वीस मिनिटं बोलले. चार महिन्यांची एकांत साधना, बोटांचा संयम, कागदाचा स्वभाव ओळखण्याची दृष्टी. दुर्गाबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. 'दृष्टी'पर्यंत त्यांनी ऐकलं आणि मग त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या.

यशवंतराव भोळे होते. ते म्हणाले, "होनपसाहेब, पुढच्या रविवारी हेच आम्हाला करून दाखवा. सगळ्यांचा फायदा होईल."

इतक्या लोकांसमोर नाही म्हणता येईना.

सोमवारपासून उद्धवराव शिफ्ट सुटली की जमिलाकडे शिकायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी ते स्टुलावर बसले. तिने गोणपाट दाखवलं. "खाली बसा साहेब, हात टेकला पायजे." त्यांनी पाच दिवस कागद कापला. त्रिकोणाला चौथा कोपरा कसा फुटतो हे मी तेव्हा पाहिलं. जमिला चुकलेले तुकडे गोळा करी आणि चुलीत घाली.

शुक्रवारी तिने विचारलं, "तुमी त्यांना सांगितलं न्हाई का, मी करती म्हनून?"

"सांगायचं राहिलं," उद्धवराव म्हणाले.

"मंग सांगा की रविवारी."

शनिवारी त्यांनी तिच्याकडून पाच तयार खिसे मागून घेतले, वेगवेगळ्या मापांचे. बेत सोपा होता. लोकांसमोर कागद कापल्यासारखं करायचं, टेबलाखाली हात न्यायचा आणि तयार खिसा वर आणायचा. मला बरोबर नेलं ते टेबलाच्या त्या बाजूला उभं राहून आडोसा करायला. मी उभा राहिलो. ते हेडक्लार्क होते, आणि मला अजून नोकरीत कायम व्हायचं होतं.

पहिली दोन तिकिटं ठीक गेली. मग यशवंतरावांनी खिशातून स्वतःचं पाकीट काढलं. आत त्यांचं आवडतं तिकीट होतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं, कुठल्या तरी मित्राने विलायतेहून पाठवलेलं. "आता हे बसवा," ते म्हणाले.

उद्धवरावांनी खाली हात नेला आणि त्यातल्या त्यात जवळचा खिसा वर आणला. तिकीट आत जाईना. एका बाजूने सुताभर मोठं होतं. वीस माणसं पुढे झुकली होती. पुढे काय झालं ते त्यांनाही सांगता येत नसे. त्यांनी कात्री उचलली आणि तिकिटाच्या एका बाजूचे दाते सरळ कापून टाकले. मग ते आत सरकवलं आणि म्हणाले, "बसलं."

दाते गेलेलं तिकीट म्हणजे रंगीत कागद, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. यशवंतरावांनी खिसा हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि कापलेले दाते टेबलावरून बोटाने टिपून त्याच पाकिटात ठेवले.

"खिसा सुरेख आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही केलेला नाही. कोणी केला?"

उद्धवराव खुर्चीवर बसले. "चिंचवडला एक बाई आहेत," ते म्हणाले. "त्यांना आकार कळतो."

साधनेच्या साऱ्या भाषणात नव्हतं तेवढं खरं बोलणं त्यांनी त्या दोन वाक्यांत केलं. पण लोक तोपर्यंत चपला शोधू लागले होते.

पुढच्या आठवड्यात यशवंतराव बसने चिंचवडला आले. जमिलाने त्यांना कापलेलं तिकीट परत जोडून मिळणार नाही हे आधी सांगितलं, आणि मग चहा दिला. त्यानंतर मंडळातली मंडळी तिच्याकडून खिसे करून घेऊ लागली. पोस्टकार्डावर काढलेली आकृती टपालाने यायची, तयार खिसे टपालाने जायचे. ताबुतांच्या दिवसांत मात्र ती कोणाचं काम घेत नसे, मग मुंबईहून पत्र येवो की पुण्याहून.

उद्धवरावांनी मंडळ सोडलं. ऑफिसात ते सांगत की मंडळात हल्ली दर्जा राहिलेला नाही, आणि त्या खिशांची मूळ कल्पना आपली. तुवाचा अल्बम त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि वर्षाच्या आत काडेपेट्यांवरची चित्रं सोडवून जमवायला घेतली. ती सगळी एकाच मापाची असतात, हा त्या अभ्यासाचा मोठा गुण असल्याचं त्यांनी मला समजावून सांगितलं.

एकदा त्यांच्याकडे गेलो तर दुर्गाबाई शेजारच्या चुलीतून निखारा मागून आणत होत्या. घरात काड्या पुष्कळ होत्या, पितळी डब्यात भरून ठेवलेल्या. घासायला पेटी एकही उरली नव्हती.