आठ दिवसांनी येते

शमुवेल मास्तर गेल्याची बातमी आळीतल्या हसनभाईंनी आणली. हातात मासळीची पिशवी तशीच घेऊन ते सकाळी माझ्या ओट्यावर बसले. "मास्तर झोपेतच गेले ओ. हाक मारली तर ओ नाय..." त्याला आता दीडेक महिना होत आला.

रत्नागिरीतल्या एकाच शाळेत आम्ही आयुष्य काढलं. तो इतिहास शिकवायचा, मी गणित. निवृत्त झाल्यावरही तो मला 'गणित्या'च म्हणे. त्याची बायको, मार्थावहिनी, उपचारासाठी भावाबरोबर मिरजेला निघाली, तेव्हा एसटीच्या खिडकीतून त्याला म्हणाली, "आठ दिवसांनी येते. तोवर भाऊजींकडे जेवा." भाऊजी म्हणजे मी. ती आलीच नाही, तिथंच वारली. त्याच सुमाराला रेडिओवर इराण-इराक युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या.

"इराक म्हणजे शास्त्रातलं बाबेल," मास्तर म्हणाला आणि त्यानं खडू उचलला. घरात फळा नव्हता, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराची आतली बाजू फळा झाली. बायबलातल्या दानीएलाची सप्तकं, प्रकटीकरणातले महिने, भाकितातला एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष... जुने राजे, दोन्ही महायुद्धं, जेरुसलेम, सगळं त्या दारावर नांदायला आलं. प्रभू परत कधी येणार आणि मेलेले कधी उठणार, ते साल त्याला काढायचं होतं. तो दिवस कुणालाच ठाऊक नसतो, असं चर्चच्या पाळकांनी बजावलं, तर म्हणे, "दिवस नाहीच काढत मी. नुसतं साल काढतोय." हसनभाईंचा मुलगा कुवेतला. ते दारातूनच विनवायचे, "मास्तर, पोरगा ईदला येनार हाय. तवर तुमची लढाय जरा आवरा." मास्तर मोठ्या मनानं मुदत देई.

बेरजा तपासायला मी. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की सुरुवात कुठल्याही राजापासून केली, तरी उत्तर तेच साल येतंय. एकदा न राहवून म्हणालो, "मास्तर, मागचं उत्तर बघून गणित सोडवणाऱ्या पोरांसारखं चाललंय तुझं."

तो हसला नाही. "ती आठ दिवसांनी येते म्हणाली होती ना रे. आठ दिवस म्हणजे आठवडा, आणि आठवडा तर सातच दिवसांचा." दिवसाला एक वर्ष धरून त्यानं सात वर्षं मांडली होती. बाकी सारे राजे आणि युद्धं त्या एका वाक्यासाठी दारावर उभी होती. मी चहा टाकला.

ते साल आलं आणि गेलं. नाताळच्या करंज्या घेऊन तो आला, तेव्हा चेहरा उतरलेला होता. "चुकलो गणित्या. ती स्पष्ट आठ म्हणाली होती. मी उगाच एक दिवस खाल्ला." घरी जाऊन त्यानं साताचा आठ केला.

यंदा ते युद्ध थांबल्याची बातमी आली. पाऊस जरा ओसरल्यावर मास्तरनं वहिनींची पातळं पेटीतून काढून उन्हात घातली. मी कुंपणापलीकडून विचारलं, "काय रे, पाहुणे येणारेत?" तो नुसता हात हलवून आत गेला. तेच शेवटचं दर्शन.

मी गणिताचा माणूस. एका उदाहरणावरून नियम करत नाही. पण वहिनी मिरजेला गेल्या त्या दिवसांतच, आठव्या वर्षी, हा गेला, एवढं मला नाकारता येत नाही. आणि त्याची आठवण येते, फार येते. बेरीज तपासायला हाक मारणारं आता कुणी नाही.

घराची किल्ली माझ्याकडे आहे. संध्याकाळी जातो, स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतो आणि स्टुलावर बसून ते आकडे बघतो. ओल्या हवेनं खडू फिकट झालाय, पण गिरवलेला आठ अजून ठसठशीत आहे. निघताना सवयीनं "येतो रे" म्हणतो. किती दिवसांनी, ते सांगायला मात्र जीभ धजत नाही.