व्हाइटनरचे तीन थर

४ जुलै २०२४, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. इथे आखातात, सलमाबादच्या आमच्या प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याने नको असलेली नोंद झाकायला व्हाइटनर उघडले. त्या उग्र, गोडसर वासाने मला आठवीतल्या शालेय प्रदर्शनात नेले.

माझा तक्ता अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर होता. सर्व माणसे समान आहेत, हे वर ठळक अक्षरांत होते. ते लिहिणाऱ्याने आयुष्यभरात किती माणसे गुलाम म्हणून बाळगली, तो आकडा मी खाली दिला होता.

"अगं, जुफैरच्या नौदल तळावरचे अमेरिकन पाहुणे येतायत," आमच्या पुण्याच्या बाई म्हणाल्या. "त्यांच्या तोंडावर हे? झाक तो आकडा. यल्ला, चल लवकर!"

"बाई, पण हे खरं आहे."

"खरं राहू दे पुस्तकात. बक्षीस हवंय ना तुला?"

हवे होते. मी स्वतःच्या हाताने आकड्यावर व्हाइटनरचे तीन थर दिले, फुंकर मारून वाळवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या क्रमांकाचा चषक मला मिळाला.

तेव्हा संताप बाईंचा आला होता. आज माझाच येतो. जिवंत माणसांना मी एका प्लास्टिकच्या चषकासाठी पुसून टाकले. सहकाऱ्याच्या हातातली बाटली मी काढून घेतली आणि माझ्या वहीत, शाईने, तेव्हा झाकलेला तो आकडा लिहिला: सहाशेहून अधिक माणसे.