हंसाने बापाला ‘कुठे चाललास’ विचारलं नाही

समुद्रकाठच्या नवापूरच्या हंसाला सगळा गाव ‘फ्रान्सवाली’ म्हणतो. ती फ्रान्सला कधीच गेली नव्हती. ती गेली होती जिबुतीला, आफ्रिकेच्या कडेला, जिथे तेव्हा राज्य फ्रेंचांचं होतं आणि रस्ते शेळ्यांचे. पण गावाला एवढा भूगोल शिकवायला वेळ कुणाला आहे?

हंसाचा बाप महादू मासे धरायचा आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. बिघडलेलं इंजिन नुसतं ऐकून सांगायचा काय दुखतंय ते. बायकोचं काय दुखतंय ते मात्र त्याला कधी ऐकू आलं नाही. मुंबईच्या एका शेठच्या लाँची जिबुतीच्या बंदरात चालायच्या. त्याने महादूला तिकडे नेलं, आणि त्रेसष्ट साली महादूने बायको मंजुळा, नऊ वर्षांची हंसा आणि पाच वर्षांचा जानू यांना बोलावून घेतलं. मंजुळाने सोबत सुक्या बोंबलांचं गाठोडं घेतलं. बोटीवरची माणसं सगळा प्रवास नाकाला रुमाल लावून बसली. बोटीतल्या तेलाला बहुतेक मोगऱ्याचा वास येत असावा.

पोरं शाळेत गेली. तिथे सगळा कारभार फ्रेंचमधून. जानू खालच्या वर्गात, त्याने तिसऱ्या दिवशीच बडबड सुरू केली. चूक की बरोबर याची त्याला पर्वा नव्हती, मराठीतही नव्हती. हंसा मात्र गप्प. तिच्या वर्गाच्या बोनेबाई उंच, कोरड्या, वाळत घातलेल्या वाकटी मासळीसारख्या. हंसाला काही येत नाही हे त्यांनी दोन महिन्यांत ठरवून टाकलं. हंसाला सगळं यायचं. घरामागच्या शेळीला ती रोज अख्खा धडा म्हणून दाखवायची, आणि शेळीने कधी चूक काढली नाही.

अडलं होतं एका पानावर. पानावर चित्र होतं. बाप खांद्याला पिशवी लावून दारात उभा, मागे समुद्र, समुद्रात होडी. पोरगा विचारतो, ‘बाबा, कुठे चाललास?’ बाप म्हणतो, ‘समुद्रावर.’ रोज सकाळी एका मुलाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. हंसाची पाळी आली की तिचे ओठ मिटायचे.

बोनेबाईंना काय ठाऊक? पाच वर्षांची असताना हंसाने हेच विचारलं होतं. महादू जाळं घेऊन निघालेला आणि ही उंबऱ्यात, ‘बाबा, कुठं चाललास?’ निघालेल्याला ‘कुठं’ विचारलं की अपशकुन, म्हणून महादू परतला, पाणी प्यायला, खाली बसला, मग पुन्हा निघाला. तरी त्या दिवशी जाळं खडकाला लागून फाटलं. आत्या काशीबाईने मग वर्षभर हंसाला सोडलं नाही. गावात कुणाच्या कोंबडीने अंडं दिलं नाही तरी काशीबाई आधी हंसाकडे बघायची.

आणि इथे तर बाप रोज सकाळी लाँच घेऊन पाण्यात. बाकावरचा जोडीदार अली, त्याचाही बाप त्याच लाँचवर खलाशी. दोन-दोन बाप समुद्रावर असताना भर वर्गात मोठ्याने विचारायचं? समुद्राला फ्रेंच येत नाही, असं कुणी लिहून दिलं होतं?

शेवटी बोनेबाईंनी मंजुळाला बोलावलं. मंजुळाला फ्रेंच येत नव्हतं, म्हणून दुभाष्या म्हणून जानू उभा राहिला. अशी संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती.

“आये, बाई बोलते, ताई ठोंब्या हाय,” जानूने सांगितलं. “शनवारी मोठा मास्तर येनार. त्याच्यासमोर तो धडा नाय बोलली तर सोमवारपासून माझ्या वर्गात. माझ्या बाजूला बसनार.”

“येवढं सगलं बोलली ती?”

“ठोंब्या मी बोललो,” जानू म्हणाला.

खालच्या वर्गातले बाक गुडघ्याएवढे. हंसाला रडूच आलं. नाक पुसता न येणाऱ्या या प्राण्याच्या शेजारी बसायचं, आणि त्याने आपल्याला शिकवायचं.

घरी मंजुळा म्हणाली, “बोलून टाक गो एकदा. तुजं काय जातंय?”

“माजं नाय. बाबाचं जाईल.”

मंजुळा चुलीकडे वळली. अख्ख्या बंदराची चौकशी करणारी बाई, पण नवऱ्याला दारात हा प्रश्न तिनेही कधी केला नव्हता.

शनिवारी सकाळी वारा सुटला होता. महादू निघाला. मंजुळाने त्याच्या हातात डबा दिला आणि रोजच्यासारखं विचारलं, “लांब हाय का आज?”

“नाय. सांजेला जेवाया येतो.”

हंसा वेणीची रिबीन हातात घेऊन बघतच राहिली. रोज ऐकलेलं, पण आजच कानात शिरलं.

मोठे मास्तर, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले, पोट सांभाळत खुर्चीत बसले. अली पिशवी अडकवून बाप झाला. हंसा उभी राहिली. बोनेबाईंनी तर खालच्या वर्गाची हजेरीवही जवळ ओढून घेतली होती.

“बाबा,” हंसा फ्रेंचमध्ये म्हणाली, “आज लांब जायचंय का? संध्याकाळी जेवायला येशील ना?”

अलीला फक्त ‘समुद्रावर’ एवढंच पाठ होतं. त्याने बोनेबाईंकडे पाहिलं.

“हे पुस्तकात नाही,” बोनेबाई म्हणाल्या.

“असं का विचारलंस?” मास्तरांनी विचारलं.

हंसाने मोडकंतोडकं सांगितलं, “आमच्याकडे कुठे विचारत नाहीत. विचारलं की बाप घरात परत येतो, पाणी पितो, बसतो. मग उशीर होतो. जाळं फाटतं.”

मास्तरांनी पुस्तक पाहिलं, हंसाला पाहिलं, मग बाईंना विचारलं, “सहा महिन्यांत या वर्गात स्वतःच्या मनाने कोण बोललंय?”

बोनेबाईंना एकदम खिडकी लावायची आठवण झाली.

हंसा वरच्याच वर्गात राहिली. बाईंनीही आपला मान राखला, पाठांतराला तिला शून्य दिलं. लाँच संध्याकाळी वेळेवर आली, आणि ती कुणामुळे आली हे हंसाने जेवताना तीनदा सांगितलं. जानू त्या दिवशी भलताच मुका झाला.

चार वर्षांनी सगळे नवापूरला परतले. मंजुळाने ही हकिकत ओटीवर बसून रंगवून सांगितली. बायका ऐकत होत्या. काशीबाई कोलंबी सोलत होती, तिने मानही वर केली नाही.

“येवढ्यासाठी बोटीनं नेलं पोरीला?” ती म्हणाली. “ह्ये तर मी हितंच शिकवलं होतं.”