ती तार कालची नव्हती

मन्मथअप्पा चाळीस वर्षं सख्ख्या भावाशी बोलला न्हाई. त्याला कारण मी हाय.

आज दुपारी अप्पाला माती दिली. उदगीरच्या स्टँडवर बसून लिहून राहिलो. लोह्याची गाडी यायला टाइम हाय.

कमेंटमधी फुलं आन जोडलेले हात टाकू नका. आधी वाचा.

आम्ही दोघं सरकारी बोरच्या गाडीवर होतो. मी ड्रायव्हर, अप्पा मशीनवर. लातूर नवाच जिल्हा झालेला आन दुष्काळ असा, की लोक विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं घागर भरायचे.

आज हे गाव, उद्या ते. झोपायचं गाडीखाली. अंगावर बोरची भुकटी, पीठगिरणीतून निघाल्यावानी.

पाणी लागलं की गाव नारळ घेऊन पळत यायचं. कोरडा गेला की बाया रिकाम्या घागरी उचलून मुकाट माघारी.

कोरड्या गावात आम्ही जेवत नव्हतो. कुणी नियम केला नव्हता. भाकरी बांधून आणली तरी अप्पा हात जोडायचा आन मला म्हणायचा, चल, गाडी काढ.

अप्पा लिंगायत. गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याबिगर घास घ्यायचा न्हाई. त्यासाठी तांब्यात पाणी जपून ठेवायचा. मी चिडवायचो, माणसाला प्यायला न्हाई आन देवाला आंघोळ?

"देवाला पळीभर लागतं, ड्रायव्हरसाब. तुझ्या मिशा धुवायला तांब्या लागतो."

असा माणूस.

आता मुद्द्याचं.

आमची गाडी कुठल्या गावाला हाय हे घरच्यांना मालूम नसायचं. म्हणून सीझन लागायच्या आधी प्रत्येकाच्या घरी एक कार्ड द्यायचो. त्यावर ऑफिसचा पत्ता. काय बरंवाईट झालं तर इथं तार करा. ऑफिसची जीप डिझेल घेऊन यायची, तिच्यासोबत निरोप यायचा.

कार्डं मी लिहायचो. पाचवी पास. गाडीवर तेवढाच शिकलेला.

त्या साली आमची गाडी लातूरच्या नव्या ऑफिसकडं दिली होती. मला सांगितलं पण होतं. पण हाताला सवय जुनी. सगळ्या कार्डांवर मी उस्मानाबादचाच पत्ता लिहिला.

आम्ही शिरूर अनंतपाळकडं होतो तवा अप्पाची बायको काशीबाई गेली. ताप आला आन गेली.

धाकटा भाऊ गुरुलिंग, त्यानं त्याच दिवशी तार केली. सोमवारी. माझ्या कार्डावरच्या पत्त्यावर.

तार उस्मानाबादला गेली. तिथून लातूरला. तिथून जीपमधी आमच्यापाशी. गुरुवार उजाडला.

अप्पाचं गाव तिथून काय लांब? सायकलवर माणूस दिवसात पोचंल.

अप्पाला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद माझ्या हातात दिला. मी वर पत्ता बघितला, तारीख बघितली, आन समजलो.

वाचलं फक्त खालचं. काशीबाई वारली, लगेच ये.

अप्पा खाली बसला. मग एकच विचारलं.

"कवाची हाय?"

"कालची," मी म्हणालो.

का म्हणालो? घाबरलो. उगं मोठं कारण शोधू नका.

जीपनं आम्ही दोघं गावाला गेलो. काशीबाईला माती देऊन तीन दिवस झाले होते. अप्पानं भावाला विचारलं, दोन दिवस काय करत होतास? गुरुलिंगनं लिंगावर हात ठेवून शपथ घेतली, सोमवारीच केली म्हणून. कागद दाखवा म्हणाला.

कागद मी वाटंतच फाडून टाकला होता.

भरल्या भावकीत अप्पा म्हणाला, "ड्रायव्हर खोटं बोलत न्हाई."

मी तिथंच उभा होतो.

पुढं एका अंगणात दोन चुली झाल्या. मधी तुराट्याचा कूड घातला. दर साली अप्पा तो कूड नवा करायचा, पण बोलला न्हाई. पुतण्याच्या लग्नाला गेला न्हाई. माझ्या पोरीच्या लग्नात मात्र मामा म्हणून तिच्या मागं उभा राहिला.

भावापेक्षा मला जास्त धरायला लागला. खरं सांगतो, ते मला बरं वाटायचं.

एकदा बिलोलीच्या बाजारात चहा पिताना विषय काढला. अप्पा म्हणाला, "गुरुलिंगचं नाव घ्यायचं असंल तर चहा ठेव आन ऊठ."

मी चहा पिलो.

आज अप्पाला बसवून नेलं, त्यांच्या रितीनं. कपाळाला भस्म. गुरुलिंग कूड न ओलांडता रस्त्यानं वळसा घालून आला. कुणी अडवलं न्हाई. मूठभर माती टाकली आन सरळ माझ्याकडं आला. आता तोबी म्हातारा झालाय, काठीवर.

"शेवटाला माझं नाव काढलं का हो त्यानं?"

न्हाई म्हणालो. खरंच काढलं नव्हतं.

"मी सोमवारीच केली होती हो तार."

चाळीस वर्षांनी बी तेच वाक्य. भावकी सगळी समोर होती. बोलायची जागा तीच होती. आन मी काय म्हणालो? म्हणालो, आता राहू द्या.

मग स्टँडवर येऊन बसलो.

गुरुलिंगकडं असला फोन न्हाई. त्याची नातवंडं माझ्या लिस्टमधी हाईत. त्यांनी आजोबाला हे वाचून दाखवावं.

गुरुलिंगभाऊ, तुम्ही तार सोमवारीच केली होती. पत्ता माझा चुकला. दिवस मी खोटा सांगितला. तुमच्याकडनं काहीच चुकलं न्हाई.

भावकीतल्या बाकीच्यांनी पण वाचा. मला शिव्या द्यायच्या तर द्या, नंबर तोच हाय.

अप्पाला मात्र आता कोण सांगणार? तिन्हीसांजंला त्याच्या घरचे कूड ओलांडून भावाकडं जेवायला जातील का, तेबी मला मालूम न्हाई. माझ्या हातात आता काहीच न्हाई.

मन्मथअप्पा, तुझ्या रितीचा नमस्कार, शरणार्थ.

श्रद्धांजली म्हणायला माझं तोंड न्हाई.