गेनूकाकांनी वाढलेलं

दुपारचे अडीच. प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज फिरतंय. वीस मिनिटं त्याच्याशेजारी बसून राहणं हा माझ्या पीएच.डी.चा मुख्य भाग. आत गोठवून ठेवलेल्या गुलाबाच्या पानांचा शेवटचा रस आहे, बर्फावर वाटलेला. यंत्राचा सूर एकच, आणि मी डब्यातला दहीभात अंमळ जास्तच खाल्लाय. डोळे मिटतात असं नाही. उघडे राहायचा नाद सोडतात.

समोर गेनूकाका उभे. आमच्या हरितगृहाचे मदतनीस, सत्तावीस वर्षं नोकरी. माघात वारले. मी त्यांच्या दहाव्याला जाऊन आलोय, त्यामुळे जरा अवघडल्यासारखं होतं.

"बसा, डाक्टर," ते म्हणतात. पहिल्या दिवसापासून ते मला डाक्टर म्हणतात. विद्यापीठाचं अजून ठरायचंय. "निकाल काय?"

"काहीच नाही, काका. तोच निकाल."

साठ कुंड्या होत्या. तीस गुलाबांवर सिलिकेट फवारायचं, तिसांवर नुसतं पाणी. मग सगळ्यांवर मुद्दाम भुरीची बुरशी सोडायची. सिलिकेटवाल्यांनी पानात संरक्षक विकरं, म्हणजे एन्झाइम्स, वाढवून रोग परतवायचा, पाणीवाल्यांनी आजारी पडायचं. विज्ञानासाठी कुणीतरी पडावंच लागतं. इथे कुणीच पडलं नाही. विकरं दोन्हीकडे सारखीच. म्हणून पाचच्या आत मला माझ्या गाईड मॅडमना निष्कर्ष द्यायचाय: या फवारणीचा उपयोग नाही. तो दिला की पदवी.

"उपयोग नाही?" काका भुवया वर करतात. "चला, दाखवतो."

हरितगृहात पंगत बसलीय. साठ गुलाब, पाटावर, समोर केळीची पानं. पानांनी पानावर जेवावं का, हा प्रश्न मला पडतो, पण यजमान मी नाही. काकांच्या हातात बादली आणि ओगराळं. ते डाव्या रांगेला सिलिकेट वाढतात, उजवीला पाणी. उजवी रांग डावीच्या पानात बघते. कोपऱ्यातली एक कळी मान खाली घालते.

काका थांबतात. "डाक्टर, हा पंक्तिप्रपंच बरा न्हाई."

"काका, तो कंट्रोल आहे, तुलनेसाठी. त्याला द्यायचं नसतं."

"असंल. पर तोंडं बघा की त्यांची."

"मग तुम्ही काय केलंत?"

ते उजव्या रांगेकडे वळतात आणि बादलीत ओगराळं बुडवतात. "वाढलं."

"किती वेळा?"

"दर सोमवारी. तुम्ही चहाला गेलात की. आग्रह करकरून."

"तीसच्या तीस?"

"एकाला वाढून दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, हे माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

पाटांच्या खाटा झाल्यात. वॉर्डात काका तिसऱ्या खाटेवर, हाताला सलाईन. बादली खाटेखाली.

"शेवटी शेवटी मला ही बाटली," ते म्हणतात, "आन् शेजारच्याला नुसता पंखा. सिस्टरला म्हटलं, अर्धी त्याला लावा. हसली ती."

"मग?"

"मग काय. मी गेलो. त्यो पंख्यावर बरा होऊन घरी. ह्याचा काय निष्कर्ष काढायचा, डाक्टर?"

"नमुना लहान आहे, काका."

"तेच म्हणतो मी बी."

आम्ही दोघं थोडा वेळ पंख्याकडे बघतो.

"काका, हे सांगितलं तर पुन्हा पहिल्यापासून. वर्ष गेलं."

"न्हाई सांगितलं तर?"

"डॉक्टर होईन."

"आन् तुमचं वाचून कुणी फवारायचं न्हाई. साठच्या साठ झाडं ठणठणीत उभी केली त्या औषधानं, आन् नाव ठेवायचं त्यालाच?"

"मान्य. पण संदर्भसूचीत स्वप्न कसं लिहू? लेखक वाळुंज गेनू, वर्ष अमुक, पृष्ठं नाहीत?"

"एवढंच व्हय." काका सदऱ्याच्या खिशात हात घालतात, माझ्या मुठीत काहीतरी ठेवतात आणि माझी बोटं एकेक करून मिटवतात. त्यांचा हात बर्फातून काढलेल्या खलासारखा गार आहे. "पंगत उठल्यावर बघा."

सेंट्रिफ्यूज शिट्टी मारून थांबतं. दारात मॅडम.

"सौमित्र, झाला का निष्कर्ष?"

मी मूठ उघडतो. आत कुंडीचं प्लॅस्टिकचं लेबल. माझ्याच अक्षरात: क्र. ५२, पाणी. कुंड्या महिन्यापूर्वीच रिकाम्या करून लेबलं कचऱ्यात गेलीत. आणि त्यावर पांढरं काहीतरी वाळून बसलंय. कंट्रोलला आम्ही डिस्टिल्ड पाणी वापरायचो. ते वाळलं की मागे काही ठेवत नाही. सिलिकेट ठेवतं.

मी नखाने खरवडतो. पांढरा थर निघतो. खाली दुसरा. त्याखाली तिसरा.

"मॅडम," मी म्हणतो, "साठ कुंड्या लागतील."